चिठ्ठी उघडेपर्यंत

आज आम्ही कर्ज, व्याज, परतफेड यांतलं काही सांगणार नाही. आज एका खेळाबद्दल बोलायचं आहे. खेळाचं नाव डिप्लोमसी, म्हणजे मुत्सद्देगिरी. १९०१ सालचा युरोप, सात मोठी राज्यं आणि सात खेळाडू. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला कुठे जागाच नाही. जे काही घडतं ते एकमेकींशी बोलून, शब्द देऊन, आणि दिलेला शब्द पाळून किंवा मोडून. गेल्या आषाढापासून आमच्या ग्रामसंघातल्या सात गटांच्या सात बायका दर शनिवारी बैठक संपली की हा खेळ खेळत होत्या. 'बायका बैठकीत नकाशे मांडून बसतात' असं गावात बोललं गेलं, ते आमच्याही कानावर आलं. म्हणून सविस्तर सांगतो.

हा खेळ ॲलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५४ साली तयार केला. लहानपणी त्याला घराच्या माळ्यावर भूगोलाचं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यातल्या नकाशात ऑस्ट्रिया-हंगेरी होतं, उस्मानी तुर्कांचं साम्राज्य होतं, म्हणजे तोवर जगाच्या पाठीवरून पुसली गेलेली राज्यं. पुढे हार्वर्डला शिकताना पहिलं महायुद्ध का पेटलं याचा त्याने अभ्यास केला, आणि त्यातून हा खेळ जुळला. कंपन्यांनी तो नाकारला. मग १९५९ मध्ये पदरचे पैसे घालून त्याने ५०० प्रती काढल्या. १९६३ पासून लोक हा खेळ टपालाने खेळू लागले, पत्रातून तह आणि पत्रातूनच दगा. गंमत अशी की कॅलहॅमर स्वतः पुढे कितीतरी वर्षं पोस्टमन म्हणून घरोघर टपाल वाटत होता. २०१३ साली तो वारला.

आमच्याकडे हा खेळ आला तो एका सभासदाच्या मुलीमुळे. ती पुण्यात शिकते. तिने मोबाईलवरून नियम वाचून दाखवले आणि जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने युरोप काढून दिला. सोंगट्या शिवणकामाच्या डब्यातून घेतल्या. सात राज्यांना सात रंग. फौज म्हणजे बटण, आरमार म्हणजे त्याच रंगाचा मणी. कोणाला कोणतं राज्य हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आम्ही पंच. हुकमाच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि मोठ्याने वाचायच्या, एवढंच आमचं काम.

आता नियम ऐका, फार नाहीत. नकाशात ७५ जागा आहेत, ५६ जमिनीच्या आणि १९ समुद्राच्या. त्यांतली ३४ ठाणी. जितकी ठाणी तितक्याच फौजा आणि आरमारं पोसता येतात. सुरुवातीला रशियाकडे चार, बाकी सगळ्यांकडे तीन-तीन. बारा ठाणी कोणाचीच नसतात. बेल्जियम, स्पेन, स्वीडन, सर्बिया, ग्रीस अशी. जिच्या हाती १८ ठाणी आली ती जिंकली. वर्षाला दोन चाली, एक वसंतात आणि एक शरदात. शरदाची चाल झाली की ठाणी मोजायची; वाढली तर नवी फौज उभी करायची, घटली तर एक उचलायची. प्रत्येक चालीआधी बोलायला वेळ असतो. कोपऱ्यात जा, अंगणात जा, कुजबुजा, काय हवं ते ठरवा. मग प्रत्येकीने आपले हुकूम गुपचूप चिठ्ठीवर लिहायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. बोलण्यात ठरलेलं काहीही कोणावर बंधनकारक नाही. नियमच तसा आहे.

आम्ही शनिवारी एक वर्ष खेळायचो. म्हणजे बोलणी आठवडाभर चालायची, पिठाच्या गिरणीवर, रेशनच्या रांगेत, निंदणीच्या बांधावर. एका नवऱ्याने आम्हाला विचारलं, "ताई, आमची ही रात्री फोनवर बल्गेरिया बल्गेरिया करते, ते काय असतं?"

या सगळ्या खेळाची कळ एका शब्दात आहे, पाठिंबा. प्रत्येक फौजेची ताकद सारखीच, एक. तुमची फौज एका जागी चालली आणि समोरचीचीही तिथेच चालली तर एकाला एक, दोघी आदळून परत. जागा मिळवायची तर दुसऱ्या फौजेने पाठिंबा द्यावा लागतो, मग दोनाला एक. हा पाठिंबा तुमच्या स्वतःच्या फौजेचा असेल किंवा दुसऱ्या राज्याच्या. पहिल्या वर्षात तीन फौजांच्या जिवावर एकटीला काही मोठं करता येत नाही. म्हणून युती. आणि ही युती तोंडात नसते, ती चिठ्ठीवर पाठिंब्याच्या ओळीत असते. तुम्ही अर्धा तास गळ्यात गळे घातलेत आणि चिठ्ठीवर ती ओळ नसली, तर नकाशावर तुमची मैत्री नाहीच.

त्या ओळीला नेमकेपणा लागतो. पहिल्या वर्षी शरदात जर्मनीने फ्रान्सला सांगितलं, बेल्जियम घे, माझी रूरमधली फौज पाठिंबा देईल. फ्रान्सच्या दोन फौजा बेल्जियमला लागून होत्या, एक बर्गंडीत, एक पिकार्डीत. जर्मनीने लिहिलं, 'बर्गंडीहून बेल्जियमला जाणाऱ्या फौजेला पाठिंबा.' फ्रान्सने आयत्या वेळी पिकार्डीची फौज पाठवली. इंग्लंडचं आरमार उत्तर समुद्रातून तिथेच आलं. पाठिंबा वाया गेला, एकाला एक, टक्कर, बेल्जियम कोणालाच नाही. फ्रान्स म्हणाली, "मदत करायची होती ना तुला? मग कुठूनही गेले तरी काय झालं?" जर्मनी आमच्या एका गटाची हिशेबनीस आहे. ती म्हणाली, "पासबुकातला नंबर चुकला तर पैसे जमा होतात का?"

'मी आहे तुझ्यामागे' असं आपण सहज म्हणतो. कुठून, कुठे, कधी आणि कशासाठी, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. समोरचीला वाटेल आपला विश्वास नाही. या खेळात हा संकोच तिसऱ्या आठवड्यात संपला.

विश्वास नसताना तह कसा करायचा, हे आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेलं प्रकरण. नकाशावर काळा समुद्र आहे, रशिया आणि तुर्कस्तान यांच्या मधोमध. रशियाचं आरमार सेवास्तोपोलला, तुर्कस्तानचं अंकाराला. जी आधी काळ्या समुद्रात शिरेल तिने दुसरीच्या उंबऱ्यावर पाय दिला. तिकडे पश्चिमेला इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये इंग्लिश खाडी, तीच गत. इंग्लंड-फ्रान्सने ठरवलं, खाडी मोकळी ठेवायची, दोघींनीही जायचं नाही. रशिया-तुर्कस्तानने ठरवलं, दोघींनीही काळ्या समुद्रात जायचा हुकूम लिहायचा! म्हणजे दोघी आदळणार, दोघी परत, समुद्र रिकामाच राहणार.

बघा हं, दोन्ही तहांचा शेवट एकच, पण जात वेगळी. मोकळ्या खाडीच्या तहात एकीने शब्द मोडला तर तिचा फायदा आणि दुसरीचं नुकसान. टकरीच्या तहात जी शब्द मोडेल, म्हणजे हुकूम लिहिणार नाही, तिचंच नुकसान, कारण दुसरी सरळ आत येते. त्या तहाला कोणाच्या चांगुलपणाची गरज नाही. पण त्याची किंमत आहे. दोघींची आरमारं त्या चालीत दुसरं काहीच करू शकली नाहीत. खाडीवाल्या दोघींची आरमारं मात्र मोकळी होती आणि भराभर बाहेर पडली. विश्वास ठेवला तर हात मोकळे राहतात. नसेल तर पहाऱ्यातच आयुष्य जातं. कोणता तह करायचा हे समोर कोण बसली आहे त्यावर ठरवावं लागतं. त्याचं गणित पुस्तकात नाही.

दुसऱ्याच्या दारावर हात ठेवून किंमत मागायची सोयही यात आहे. पहिल्या वर्षी रशियाला स्वीडन हवं असतं. जर्मनीचं आरमार डेन्मार्कला पोचलं की ते शरदात स्वीडनकडे वळून रशियाला नुसतं आदळवू शकतं. जर्मनीला स्वतःला त्यात काही मिळत नाही, पण रशियाचं वर्ष बुडतं. आमच्या जर्मनीने रशियाला निरोप धाडला: स्वीडन तुझं, पण वॉर्साची फौज सायलेशियात पाय ठेवणार नाही. दोघींनी दोन्ही पाळलं. फुकट चांगुलपणा केला असता तर तो रशियाच्या लक्षात राहिला असता का, यावर आमच्यात दोन मतं आहेत.

आता थोडा खरा इतिहास, कारण खेळ त्यावरच उभा आहे. जर्मनीचे बिस्मार्क यांनी १८७९ मध्ये ऑस्ट्रियाशी तह केला. १८८२ मध्ये इटलीला त्यात घेतलं. रशिया फ्रान्सकडे जाऊ नये म्हणून १८८७ मध्ये रशियाशी वेगळा गुप्त तह केला. ऑस्ट्रिया आणि रशिया यांचं बाल्कनात हाडवैर, आणि बिस्मार्क यांचा हात दोघांच्याही खांद्यावर. १८९० मध्ये बिस्मार्क गेले, नव्या कारभाऱ्यांनी रशियाचा तह पुढे चालवला नाही, आणि १८९४ पर्यंत रशिया-फ्रान्सची युती झाली. जर्मनीच्या दोन्ही कुशींना शत्रू. एवढी सगळी नाती एकाच माणसाच्या डोक्यात होती, हेही त्या नात्यांचं दुखणंच. बचत गटात एकाच बाईला बँकेतलं सगळं ठाऊक असलं की ती माहेरी गेल्यावर काय होतं ते तुम्ही जाणता.

मग जर्मनीने आरमार वाढवायचे कायदे केले, १८९८ आणि १९०० साली. जर्मनी म्हणत होती की हे कोणाविरुद्ध नाही. इंग्लंडने बोलणं ऐकलं नाही, जहाजं मोजली. १९०४ मध्ये जुनं वैरी फ्रान्स आणि १९०७ मध्ये रशिया, दोघांशीही इंग्लंडने जुने वाद मिटवले.

हेच आमच्या फ्लेक्सवर घडलं. १९०२ च्या शेवटी फ्रान्सने नवी सोंगटी मांडली ती ब्रेस्टला, आणि ती बटण नव्हती, मणी होता. आरमार. खाडीच्या तोंडावर. इंग्लंडने विचारलं, "बाई, हा मणी कशाला?" फ्रान्स म्हणाली, "भूमध्य समुद्रात न्यायचा आहे, इटलीकडे." इंग्लंड म्हणाली, "मग मार्सेला का नाही मांडलास?" मार्से भूमध्य समुद्रावर आहे. खोलीत शांतता पसरली.

ही शांतता का पसरली हे सांगायला हवं. इंग्लंड आणि फ्रान्स झालेल्या दोघी ज्या गटांच्या, त्या गटांमध्ये उन्हाळ्यापासून बोलणं नव्हतं. तीन गटांनी आपापसांत ठरवलं होतं की हळद मिळून विकायची, भाव पाडून द्यायचा नाही. तोंडीच ठरलं होतं. एका गटाने मधेच एका व्यापाऱ्याला आपली हळद दिली. मग व्यापारी उरलेल्या दोघांकडे आला तो कमी भाव घेऊनच. 'दगा दिला' हा शब्द तेव्हा निघाला, आणि तो शब्द निघाला की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं. विकणाऱ्या गटाचं म्हणणं असं की एका सभासदाच्या घरी दवाखाना होता, थांबणं शक्य नव्हतं, आणि 'कधीपर्यंत थांबायचं' हे कोणी सांगितलंच नव्हतं. फ्रान्स त्या गटाची. इंग्लंड दुसऱ्या. चिठ्ठ्यांनी त्यांना शेजारी बसवलं होतं, आम्ही नाही.

पुढच्या वसंतात फ्रान्सने ते आरमार खरंच खाली स्पेनच्या बाजूला नेलं. पण इंग्लंडने तोवर खाडीत आरमार आणून ठेवलं होतं. फ्रान्स चिडली, "मी शब्द पाळला आणि तू मोडलास!" इंग्लंड म्हणाली, "तू पाळशील हे मला कशावरून कळायचं?" या वाक्यावर त्या दोघी नकाशा सोडून हळदीवर आल्या. अर्धा तास भांडण झालं, खरंखुरं, आणि आम्ही मधे पडलो नाही. आमच्या मते ते भांडण सहा महिने उशिरा का होईना, झालं हे बरं. समोर बटणं आणि मणी असल्यामुळे हात दाखवून बोलता येत होतं: हा तुझा मणी, ही माझी खाडी, इथे मला भीती वाटली. माणूस वाईट की चांगला ही चर्चा जरा बाजूला राहिली.

खोटेपणाबद्दल बोलायला हवं, कारण गावातल्या जाणत्या बायकांचा मुख्य आक्षेप तोच होता. बायकांना आधीच लोक कपटी म्हणतात, त्यात तुम्ही कपट शिकवता! आक्षेप हलका नाही. आमच्या सातांतल्या एक मावशी वारकरी आहेत. त्यांच्या वाट्याला ऑस्ट्रिया आलं, नकाशाच्या मधोमध, चारी बाजूंनी वेढलेलं, सगळ्यांत अवघड. इटलीचं व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचं ट्रिएस्ट ही दोन घरची ठाणी तर भिंतीला भिंत लागून. दोन राज्यांची घरची ठाणी अशी खेटलेली दुसरी कुठे नाहीत. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी खोटं बोलणार नाही. पण विचारलं ते सगळं सांगेन असंही नाही." आणि शेवटपर्यंत तसंच खेळल्या. 'तुझ्यावर चाल करणार का' असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "ते मी आज बोलणार नाही." तेवढ्यावरून समोरचीला काय समजायचं ते समजायचं. लवकरच त्यांच्याकडे ठाणी उरली दोन, मग एक. पण सगळ्या जणी आपले बेत त्यांना सांगायच्या, कारण त्या ते इकडचं तिकडे करत नव्हत्या.

तुर्कस्तान अगदी उलट. तरुण, चपळ, दोनदा उघडउघड शब्द मोडला, एकदा रशियाचा आणि एकदा इटलीचा. आणि तिचं राज्य फुगलं, १५ ठाणी. तेव्हा खोट्याला फळ मिळत नाही असं आम्ही सांगणार नाही, नकाशावर मिळालं. फक्त दुसऱ्या वेळेनंतर तिच्याशी कोणी एका चालीपलीकडचं बोलेना. 'आत्ता काय देतेस ते सांग' एवढंच.

इटलीचं उदाहरण आम्ही इथे दिलं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा इटली आपल्या दोस्तांच्या, जर्मनी-ऑस्ट्रियाच्या, बाजूने उतरलं नाही. तह बचावाचा होता. ऑस्ट्रियाने स्वतः सर्बियावर चाल केली, तर आम्ही बांधील नाही, असं इटलीचं म्हणणं. एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार झाला आणि मे महिन्यात इटलीने ऑस्ट्रियाविरुद्धच युद्ध पुकारलं. हा दगा की कराराचं काटेकोर वाचन? आमच्यात चारास तीन अशी फूट पडली. मावशी म्हणाल्या, न उतरणं हे कराराप्रमाणे. नंतर उलटं उतरणं हे नाही. आम्हाला ते पटतं.

एक राज्य १५ वर गेलं की बाकीच्यांचा खेळ बदलतो. कालपर्यंत एकमेकींची ठाणी ओढणाऱ्या रशिया, इटली, इंग्लंड एका बाजूला आल्या. याला सत्तेचा समतोल म्हणतात. सगळ्यांत बलवान राज्याला बाकीच्यांनी मिळून आवरायचं, आणि ते आवरता आवरता आपल्यातलीच दुसरी फुगणार नाही हेही पाहायचं. हे दुसरं जास्त अवघड, तेव्हा बारभाईचा कारभार होतो. मी पुढची फौज दिली आणि मागून तूच माझं घर घेतलंस तर? रशियाला हीच भीती. मग त्यांनी ठरवलं की आधी इंग्लंडने नॉर्वेतली फौज काढायची, म्हणजे रशिया सेंट पीटर्सबर्गची पाठराखण सोडून खाली येईल. पाऊल त्याला पाऊल. एकदम सगळं कोणीच दिलं नाही.

अडलं होतं बुडापेस्टवर. तिथे तुर्कस्तानची फौज, तिला सर्बियातून पाठिंबा, म्हणजे दोन. रशिया गॅलिशियातून चाल करणार, इटली व्हिएन्नातून पाठिंबा देणार, तेही दोन. बरोबरीत हल्ला फसतो. आणि बुडापेस्टला लागून ट्रिएस्ट, तिथे मावशींची एकुलती एक फौज. ती जिकडे झुकेल तिकडे बुडापेस्ट. ज्या मावशींना चार आठवडे कोणी विचारत नव्हतं, त्यांच्या दारी त्या आठवड्यात पाच जणी जाऊन आल्या. तुर्कस्तानने त्यांना व्हिएन्ना परत मिळवून द्यायचं कबूल केलं. रशियाने काहीच कबूल केलं नाही, फक्त ट्रिएस्टला हात लावणार नाही म्हणाली. मावशींनी रशियाला पाठिंबा दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जी जास्त देते तिच्याकडे द्यायला उरतं कुठे?" बुडापेस्ट पडलं. तुर्कस्तान पुढे सरकलं नाही. १९०९ साली, म्हणजे आमच्या नवव्या शनिवारी, उरलेल्या साऱ्यांनी बरोबरी मान्य केली. नियमाप्रमाणे बरोबरीत जे जे उरले त्या सगळ्यांचा वाटा सारखा. एका ठाण्याच्या मावशी आणि उरलेल्या चौदा ठाण्यांचं तुर्कस्तान, सारखे! तुर्कस्तानला हे अजून पटलेलं नाही. फ्रान्स मात्र त्याआधीच बुडालं होतं, इंग्लंड आणि जर्मनीच्या कैचीत, आणि तरी ती शेवटचे दोन शनिवार येऊन बसत होती.

कॉम्प्युटरवरही या जातीचे खेळ आहेत. पुण्याच्या त्या मुलीने लॅपटॉपवर स्वीडनच्या एका कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सालिस' दाखवला. तो १४४४ साली सुरू होतो आणि १८२१ ला संपतो, आणि त्यात सगळं जग आहे. आपल्याकडे दख्खनवर तेव्हा बहमनींचं राज्य दिसतं, आणि पुढे खेळणाऱ्याला मराठ्यांचं राज्य उभं करता येतं. हे बघून पोरं हरखली. आम्हाला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. तिथे विश्वासाला आकडा आहे, शून्यापासून शंभरपर्यंत. दोस्तावर उपकार साठवायचे आणि दहा उपकार झाले की त्याला आपल्या चढाईत हाक मारायची. नाती मोजकीच ठेवायची. जास्त झाली तर दर महिन्याला त्याचा खर्च. भराभर मुलूख गिळला तर शेजाऱ्यांच्या मनात धास्ती साठते आणि ते एकजूट करून उठतात, आणि ती धास्ती उतरायला वर्षंच्या वर्षं जातात. दोस्त नाही म्हणाला तर का म्हणाला तेही लिहून येतं: कर्जात आहे, लांब आहे, तुझ्यावर विश्वास नाही. आमची इंग्लंड म्हणाली, "असं लिहून आलं असतं तर उन्हाळ्यात एवढं झालंच नसतं." पण जर्मनीला तो खेळ फिका वाटला. आकडा दिसतो तिथे माणूस वाचायची गरजच काय, असं तिचं म्हणणं. आम्ही तिच्या बाजूचे.

अलीकडे मशीनलाही डिप्लोमसी शिकवली आहे. २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीने सिसेरो नावाचा प्रोग्राम तयार केला. इंटरनेटवर माणसांशी चॅटवर बोलून तो ४० डाव खेळला आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. तो बहुतेक खरं बोलतो असं करणाऱ्यांचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याचेही दगे दाखवून दिले. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

हळदीचं काय झालं ते विचाराल. यंदा तीनही गटांनी ठराव रजिस्टरवर लिहिला आहे. किती क्विंटल, कोणत्या तारखेपर्यंत थांबायचं, कमीत कमी भाव किती, आणि मधेच कोणाला बाहेर पडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. अडचण आली तर थांबणाऱ्या बाईला गटाच्या निधीतून उचल मिळेल, ही ओळ फ्रान्सने घालायला लावली. इंग्लंडने त्या ओळीखाली आधी सही केली. हळद अजून शेतात आहे, निघायला अवकाश आहे.

तुमच्या गटाला खेळायचं असेल तर बटणं, मणी आणि जुना फ्लेक्स पुरे. सात जणी हव्यात. सहाच असतील तर इटली कोणाला द्यायचं नाही, त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतात. पाच असतील तर इटली आणि जर्मनी दोन्ही तसेच ठेवायचे. नकाशा ग्रामसंघाच्या कार्यालयात भिंतीला लावला आहे, तो बघून उतरवून घ्या. शनिवारी मात्र येऊ नका, दुसरा डाव सुरू झालाय आणि या वेळी ऑस्ट्रिया तुर्कस्तानवाल्या पोरीकडे आलं आहे.